करवंदीखालची कबर

इस्राएलमधल्या दिमोनाहून मामेबहिणीचा आवाजी निरोप आला तेव्हा मी ठाण्याच्या बाजारात पापलेटं निवडत होते. "ऐक ना, पप्पांच्या आजीची कबर आहे ना तिकडे गावात, तिचा एक फोटो काढून पाठव. नातीला शाळेसाठी घराण्याचा तक्ता करायचाय." जणू कबर आमच्या जिन्याखालीच आहे. मी "हो, पाठवते" म्हणून मोकळी झाले. हे २०२२ च्या नोव्हेंबरातलं. फोटो तिच्याकडे नक्की झाला तो २०२४ च्या जानेवारीत. नक्की झाला म्हणते, कारण पोचला तो आधीच होता. ते पुढे येईलच.

तिच्या पप्पांची आजी म्हणजे माझ्या आईचीही आजी, माझी पणजी. घरात तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची: मुंबईत मांडवीला राहायची, प्लेग आला तेव्हा पडावातून, म्हणजे शिडाच्या होडीतून, गावी आणली, आणि गावी येऊन गेली. आजोबा तेव्हा सहा-सात वर्षांचे. नाव सगळ्यांना ठाऊक, कबर कुणी पाहिलेली नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात बायका आणि सात पुरुष वाचले, त्यांचे आम्ही वंशज, ही कथा आमच्यात प्रत्येक मूल ऐकतं. कोकणात आमचे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर, दिव्याचे दिवेकर. सिनेगॉगला आमच्या घरात आजही मशीद म्हणतात. मस्जिद बंदर स्टेशनाचं नावही आमच्या जुन्या मशिदीवरून पडलं असं सांगतात. १९४८ च्या सुमारास हिंदुस्थानात आम्ही वीस हजारांच्या आसपास होतो, आता चार-पाच हजार उरलोय. बाकीचे दिमोना, अश्दोद, बेरशेबा, लोद. जाताना लोकांनी घरं विकली, भांडी वाटली, घाण्याची लाकडं कुणी जळणाला नेली. कबरस्तान राहिलं.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अलिबाग तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. जागेची भानगड अजून मिटलेली नाही.

पहिल्या खेपेला आम्ही चौघं गेलो. मी, नवरा, कॉलेजात शिकणारा भाचा आणि हजानकाका. हजान म्हणजे मशिदीत प्रार्थना म्हणणारा. काका आता निवृत्त आहेत, गुडघे गेलेत, पण हिब्रू वाचायला त्यांच्याशिवाय आमच्यात कोण आहे? भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, तिथून रिक्षा. गावात शिरून तासभर हिंडलो. शेवटी एका बांधावर उभं राहून मी वैतागून म्हटलं, इथे कुठे कबरस्तान दिसत नाही. पलीकडच्या अंगणात भाताचा पेंढा झोडणाऱ्या आगरी आजी हसायला लागल्या. "कवा आयलाव? उभ्या हाव तीच जागा हाय बाय. तुमच्या पायाखाली तेली हाय."

खरंच होतं. पायाखालचा जांभा साधा जांभा नव्हता, कबरीची कड होती. वर घाणेरी, करवंदीच्या जाळ्या, कमरेएवढं वाळलेलं गवत. मधोमध एका दगडावर शेळी उभी. काका तिथेच खाली बसले आणि टोपी सारखी करत राहिले.

सफाईबद्दल फार लिहीत नाही. दोन महिने, दर रविवारी. शनिवार आमचा शब्बाथ, म्हणून रविवार. कोयते, विळे, घमेली, आणि आजींच्या दोन नातवांची मजुरी. गमबूट घ्या असं भाचा सांगत होता, मी चपलेवर गेले आणि तिसऱ्या रविवारी जांभ्याच्या फटीतून फुरसं निघालं. वीतभर जनावर, पण अंगाच्या वेटोळ्या घासून जो खरखर आवाज करतं तो मी विसरणार नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या पायांत गमबूट.

दगड उघडे पडले तसा माझा उत्साह वाढला आणि तिथेच मी घाण केली. सांगायलाच हवं, कारण हे काम करायला निघालेली मंडळी मला अधूनमधून फोन करतात आणि त्यांना आधी रंगाचं विचारायचं असतं.

काळ्या दगडावरची अक्षरं फोटोत उमटत नव्हती. मी बाजारातून पांढऱ्या ऑइल पेंटचा छोटा डबा आणि शून्य नंबरचा ब्रश आणला आणि मांडी घालून अक्षरांमध्ये रंग भरायला बसले. रांगोळी भरावी तसा. काका त्या दिवशी तापाने घरी होते. बारा दगड रंगवले. फोटो छान आले. संध्याकाळी ते सगळे दिमोनाला पाठवले आणि दगडावरच्या सालांची यादीही केली.

हिब्रूत अक्षरं हेच आकडे. ताव म्हणजे ४००, रेश २००, नून ५०, झाइन ७. दगडावर फक्त ६५७ लिहितात, पाच हजार धरून चालायचे. हिब्रू साल ५६५७ म्हणजे सप्टेंबर १८९६ ते सप्टेंबर १८९७. आता झाइन आणि वाव यांत फरक एवढाच, की झाइनच्या डोक्यावरची आडवी रेघ दांडीच्या दोन्ही बाजूंना जाते आणि वावची एकाच बाजूला वळते. वाव म्हणजे ६. सव्वाशे पावसाळे खाल्लेल्या दगडावर उजवीकडचा तो गव्हाएवढा तुकडा उडालेला असेल तर? मला वाव दिसला, मी वाव रंगवला. एका करवंदीच्या मुळाशी कलता रुतलेला दगड होता, त्यावर साल झालं ५६५६.

मांडवीत प्लेग पहिल्यांदा ओळखला गेला सप्टेंबर १८९६ मध्ये. ५६५६ त्याच महिन्याच्या सुरुवातीला संपलं. म्हणजे त्या दगडाखालची बाई प्लेगाच्या आधीच गेलेली, म्हणजे ती आमची पणजी नव्हे. मी यादीत तिच्यापुढे फुली मारली आणि जवळजवळ वर्षभर दुसरीकडे शोधत बसले.

शोधायचं कुठे? साहजिकच वाटलं की दफनाची वही असेल. कुणाला कुठल्या रांगेत पुरलं याची नोंद मशिदीचा मुकादम ठेवायचा, हे आई सांगायची. ट्रस्टची कपाटं उघडली. वर्गणीच्या पावत्या, एका लग्नाचा हिशेब, उंदरांनी कुरतडलेली प्रार्थनेची पुस्तकं. दफनाची वही नाही. काकांना विचारलं तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ती पुरली."

आमच्यात फाटलेली धर्मपुस्तकं जाळत नाहीत, रद्दीत घालत नाहीत. ज्यावर देवाचं नाव आहे तो कागद माणसासारखा दफन करायचा. काका तरुण होते तेव्हा एकदा वाळवी लागलेली पुस्तकं गोणीत भरून कबरस्तानात नेली. वहीच्या पहिल्या पानावर कुणी तरी सुंदर अक्षरात हिब्रू प्रार्थना लिहून ठेवली होती. ते पान पाहून वहीही गोणीत गेली. कुणाला कुठे पुरलं ते सांगणारी एकुलती एक वही, तिलाच पुरलं! माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. मग तो इंजिनियरासारखा म्हणाला, "खणून काढू. जागा आठवते का?"

जागा आठवत होती, आंब्याच्या उत्तरेला. पण काका म्हणाले, पुरलेलं उकरायचं नाही, मग ते माणूस असो की पुस्तक. मला मनातून उकरायचंच होतं, खोटं कशाला बोलू. पण पन्नासेक पावसाळे आणि वाळवी, काय हाती लागणार होतं? त्या जागेवर आम्ही चार जांभे लावून चौकट केली आणि नकाशात तिला नंबर दिला. ती कबर क्रमांक ८८.

मग वाट राहिली सरकारी. मृत्यूच्या जुन्या नोंदी गावोगावचा कोतवाल करायचा: गाव नमुना नंबर १४, लोक कोतवाल बुक म्हणतात. मेलेल्याचं नाव, जात, वय, कारण. तालुक्याच्या अभिलेख कक्षात बासनात बांधलेली असतात, आणि जुनी सगळी मोडीत. अर्ज केला. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "यहुदी म्हणजे ख्रिश्चन ना?" महाराष्ट्राने २०१६ मध्ये आम्हाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला, पण तो त्या खिडकीपर्यंत पोचला नव्हता. चांगल्या होत्या हो बाई, ऐकून घेतलं, चहाही पाजला.

पुस्तक मिळायला दिवाळी उजाडली आणि तोवर राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झालेला. न्यायमूर्ती शिंदे समिती, जिल्ह्याजिल्ह्यात बासनं सुटलेली, आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आलेला. आम्हाला भेटलेले मोडीवाले गुरुजी निवृत्त शिक्षक. सकाळी तहसिलात, दुपारी आणखी कुठे. म्हणाले, "ताई, सगळा महाराष्ट्र आजोबा शोधतोय, तुम्ही आजी शोधताय. तुम्हाला रविवारी वेळ देतो." पैसे घेतले नाहीत. कोळंबीची खिचडी मात्र आवडीने खाल्ली. ती शेजारणीकडून आणवली होती, आमच्यात कोळंबी चालत नाही.

गुरुजी वाचत गेले, मी लिहीत गेले. जातीच्या रकान्यात कधी "इस्राएल", कधी "तेली", एकदा नुसतंच "शनवार". कारणांत ताप, पटकी, बाळंतरोग. आणि इथे मला कळलं की कबरस्तान आणि कोतवाल एकमेकांशी बोलतच नाहीत.

पुरुषांचं फार अडलं नाही. दगडावरचा शमुएल कोतवालाकडे समाजी, यहेज्केल तो हसाजी, बिन्यामिन तो बनाजी, अब्राहाम तो अबाजी. ही जोडी घरात ठाऊकच असते. दगडावर "बेन" अमुक, कोतवालाकडे "बिन" अमुक. शब्दसुद्धा सख्खे भाऊ वाटावेत असे. पण बाईचं काय? हिब्रू दगडावर ती "बत", म्हणजे अमक्याची मुलगी. कोतवालाच्या वहीत ती "कोम", म्हणजे अमक्याची बायको. दगडाला नवरा माहीत नाही, कोतवालाला बाप माहीत नाही. त्यात एकाच नावाच्या तीन-तीन बायका. आमच्या एक्सेलमध्ये पुरुषांच्या ओळी हिरव्या होत गेल्या आणि बायकांच्या पिवळ्या राहिल्या. भाच्याने ते रंग लावले होते, मला ते पाहून रागच यायचा. कुणावर ते सांगता येणार नाही.

पणजी कोतवालाकडे सापडली. नाव, कोम हसाजी, जात इस्राएल, वय सव्वीस, कारण "गाठीचा ताप". महिना फेब्रुवारी १८९७. गुरुजींनी ओळ दोनदा वाचली. तिसऱ्यांदा मी वाचायला सांगितली. सव्वीस! पणजी म्हटल्यावर मी कायम सुरकुतलेली बाई डोळ्यांसमोर आणत होते. ती माझ्या भाचीहून लहान होती.

पण दगड? पणजोबा हसाजी होते हे आम्हाला माहीत, पणजीचे वडील कोण हे घरात कुणालाच सांगता येईना. ५६५७ चा बाईचा एकही दगड माझ्या यादीत नव्हता. बिनदगडाची पुरली असेल अशी मी मनाची समजूत घातली. प्लेगाच्या दिवसांत दगड कोण घडवत बसलंय.

मधल्या काळात मोजणी झाली. त्याचंही थोडक्यात सांगते. सातबाऱ्यावर आमची जागा पोटखराब ब म्हणून लागलेली होती, ते बरं झालं. रस्ते, स्मशानं, दफनभूमी अशा सार्वजनिक जागा त्यात येतात. भूमी अभिलेखकडे चलन भरलं, शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या, भूकरमापक आले. रो-रो सुरू झाल्यापासून त्या पट्ट्यात गुंठ्याला काय भाव आलाय ते मी सांगायला नको, त्यात शिवडीचा सागरी सेतूही होऊ घातलेला. पश्चिमेला कुणी तरी बंगल्यासाठी प्लॉट घेऊन तारेचं कुंपण घातलं होतं. मोजणीत ते कुंपण आमच्यात आठ फूट शिरलेलं निघालं. आणि पूर्वेला दुसरं अतिक्रमण निघालं ते आमच्या आजींचं. त्यांची पेंढ्याची उडवी. खुणेचा दगड उडवीच्या मधोमध येतो म्हटल्यावर आजी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मंग आता मना पन पुरा थंयच." उडवी दुसऱ्या दिवशी हलली. कुंपण अजून आहे. मोजणीच्या नकाशाची क प्रत हातात आहे, पत्रव्यवहार चालू आहे.

त्या मोजणीच्या दिवशीच दुपारी आजी चहा घेऊन आल्या. मी सहज म्हटलं, प्लेगातली आमची एक बाई मुंबईहून आणली होती, तिचा काही पत्ता नाही. आजींनी कप खाली ठेवला नाही की विचार केला नाही. "मुंबयची बाय ना? ती करवंदीखालची." त्यांच्या सासूच्या सासूने त्यांच्या सासूला सांगितलेलं. मुंबयच्या बायला पडावातून उतरवली ती झोळीत घालून आणली, गावाने वाटेवर दारं लावून घेतली. पुढे कित्येक वर्षं एक माणूस येऊन त्या करवंदीशी मेणबत्ती लावायचा, मग त्याचा मुलगा यायचा, मग कुणी नाही. हे आजींना मी एका वर्षात एकदाही विचारलं नव्हतं. आम्ही त्यांना पेंढा, पाणी, मजूर आणि शेळ्या एवढंच विचारत होतो.

करवंदीखालचा दगड म्हणजे माझा तो ५६५६. काकांना खुर्चीसकट उचलून तिथे नेलं. ते म्हणाले, रंगावर जाऊ नका, टॉर्च आडवा धरा. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, भाच्याने दगडाला चिकटून बाजूने उजेड टाकला. माझ्या पांढऱ्या वावच्या उजव्या अंगाला एक छोटीशी सावली पडली. खळगा. रेघेचं तुटलेलं टोक. काका म्हणाले, "झाइन असेल. असेल म्हणतोय, आहे म्हणत नाही."

दगड कलून हातभर रुतलेला होता. खणायचं नाही हा काकांचा नियम, पण दगडाच्या अंगावर वाहून आलेली माती बाजूला करायला त्यांची हरकत नव्हती. पहार नको, लोखंड नको. बांबूची कामटी आणि हात. मी आणि आजी समोरासमोर बसून माती ओढत होतो. आधी कोरीव कड लागली, मग ओल्या मातीत एक शिरोरेघ. हिब्रूला शिरोरेघ नसते. मी पाणी मागितलं. आजींनी चहाच्या टोपातलंच पाणी ओतलं आणि तीन ओळी वर आल्या, वर्षानुवर्षं जमिनीत राहिल्यामुळे काल कोरल्यासारख्या: पणजीचं नाव. "हसाजी याचे कबिला", म्हणजे बायको. "शके १८१८ माघ शुद्ध" आणि तिथी.

वर बाप, खाली नवरा. पिवळी ओळ हिरवी करायला जे हवं होतं ते सगळं एकाच दगडावर होतं, फक्त अर्धं जमिनीखाली. माघ १८१८ म्हणजे फेब्रुवारी १८९७. हिब्रू पंचांगातही आपल्यासारखा अधिक महिना धरतात, त्यामुळे महिन्यांची सांगड फारशी सुटत नाही. काकांनी तिथेच बोटांवर मोजून हिब्रू अदार महिना काढला आणि ५६५७ वर शिक्कामोर्तब केलं.

काद्दिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, मात्र त्या दिवशी म्हणता आला नाही. त्याला दहा पुरुष लागतात, आमच्याकडे होते तीन. काकांनी स्तोत्र म्हटलं. सर्व्हेअरसाहेब मोजणीची साखळी गुंडाळून टोपी हातात घेऊन उभे राहिले, आजी पदर डोक्यावर घेऊन.

रंगाचं सांगायचं राहिलं. पुढचे चार रविवार मी बारा दगडांवरचा रंग काढत होते. वायर ब्रश नको, ॲसिड तर बिलकूल नको, संगमरवराला ते खातं. रंग मऊ करायचं द्रव कापसाने लावायचं, थांबायचं, बांबूच्या काडीने अक्षराच्या तळातून ओढायचं, पाण्याने धुवायचं. एक अक्षर अर्धा तास खातं. काळ्या दगडाच्या बारीक भोकांत गेलेला पांढरा रंग पूर्ण निघतच नाही. पणजीच्या दगडावर उजेड विशिष्ट बाजूने आला की माझा वाव अजून दिसतो, पुसट, झाइनच्या पोटात. आता कुणी विचारलं रंगवू का, तर मी म्हणते टॉर्च घ्या, संध्याकाळी जा, आणि आधी शेजाऱ्यांकडे चहा प्या.

८७ दगडांपैकी ६१ ची नावं लागली. यादीची एक प्रत ट्रस्टकडे, एक ग्रामपंचायतीत, एक आजींच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात. पहिल्या पानावर प्रार्थना लिहू नका, असं नवऱ्याने बजावलं होतं.

जानेवारीत, सेतू सुरू झाला त्या आठवड्यात, मी दिमोनाला फोटो पाठवला. रंग काढलेला दगड, खालच्या तीन ओळींसकट. सोबत सगळी कहाणी बोलून पाठवली, अकरा मिनिटांची. मामेबहिणीने अकरा मिनिटं ऐकली नसणार, कारण उत्तर दोन मिनिटांत आलं.

"ए, हा तर तोच दगड ना गं? मागच्या वर्षी तू पाठवलेलास तो? मी तर तक्त्यात तेव्हाच चिकटवला."